उत्तरेस मुठा नदी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून,' असे आपले वाडवडील म्हणून गेले. घर पाहावे विकत घेऊन, असे काही ते म्हणाले नाहीत. त्यांच्या काळी ज्याला ऐपत असे तो घर बांधी, ज्याला नसे तो दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड थाटी. कर्ज काढून, चौथ्या मजल्यावरची हवा चौरस फुटांच्या भावाने विकत घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. तो माझ्यावर आला, आणि तोही वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

खरे म्हणजे घर घेणार होते माझी मुलगी आणि जावई. माझा त्यात सहभाग एवढाच, की नोकरीतून निवृत्त होताना हाती आलेली पुंजी मी त्यात घालावी आणि आम्ही उभयतांनी त्यांच्याबरोबर राहायला यावे, असे ठरले होते. २०२४ सालच्या दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी मुलगी आली ती उंबरठ्यातूनच म्हणाली, "बाबा, जागा मिळाली! शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या जवळ. खिडकीतून नदी दिसते."

आमच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "ओंकारेश्वराजवळ? तिथे जायला एवढी घाई कशाला?"

पुण्याबाहेरच्या वाचकांना यातली गंमत सांगायला हवी. पिढ्यान् पिढ्या पुण्यातले स्मशान ओंकारेश्वराच्या देवळाजवळ, नदीकाठी होते. 'अमक्यांना ओंकारेश्वरावर नेले' असे कोणी म्हणाले, की पुणेकराला पुढे काही विचारावे लागत नसे. सगळे हसले. मी मात्र हसू शकलो नाही. मुलीने ज्या गल्लीचे नाव घेतले, त्याच गल्लीत वयाच्या नवव्या वर्षापर्यंत मी वाढलो होतो; आणि १२ जुलै १९६१ या दिवशी तिथून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो होतो.

मी 'नाही' म्हटले नाही. जागेचे जुने कागद पाहायला मागितले, इतकेच. माझी सारी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. अशा माणसाला घर दाखवले तर तो आधी भिंती पाहत नाही, चतुःसीमा पाहतो. वकील हल्ली तीस वर्षांचा शोध घेऊन मिळकत निर्वेध असल्याचा दाखला देतात. माझे समाधान तीस वर्षांवर होईना. मूळ मालकांच्या घरात एक जुने दप्तर होते; त्यांनी मोठ्या आपलेपणाने ते माझ्यापुढे सोडले. आत जागेचे बरेच कागद होते. त्यांतले तीन मी बाजूला काढले. पहिला मोडी लिपीतला. दुसरा इंग्रजी अमदानीतला, मुद्रांकाच्या कागदावरचा. तिसरा आजचा, वाडा पाडून इमारत उभी करण्याचा करारनामा.

तिन्ही कागदांत जागा तीच होती. पूर्वेस, दक्षिणेस आणि पश्चिमेस कोण, हे नावे बदलली तरी ओळखू येत होते. फरक होता तो उत्तरेच्या बाजूला. पहिल्या कागदात लिहिले होते, 'उत्तरेस मुठा नदी'. दुसऱ्यात, 'उत्तरेस सरकारी पड व त्यापलीकडे नदी'. आणि तिसऱ्यात नुसते, 'उत्तरेस रस्ता'.

नदी काही जागची हलली नव्हती. ती खिडकीतून दिसत असल्याबद्दल चौरस फुटामागे जादा पैसेही मागितले जात होते. कागदावरून मात्र ती नाहीशी झाली होती. हे कसे झाले, ते पाहू गेलो तर पुण्याचा तीनशे वर्षांचा इतिहास त्या तीन ओळींत सापडला. तोच आज सांगणार आहे.

पहिला कागद पेशवाईच्या छायेतला. शनिवार पेठ ही पुण्यातल्या जुन्या पेठांपैकी. तिचे आधीचे नाव मुर्तजाबाद. १७३० साली थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याची पायाभरणी केली आणि दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. मग या भागाला राजधानीचा उंबरठा झाल्याचे भाग्य आले. कारकून, भिक्षुक, सावकार, शिलेदार यांचे वाडे उठले. अठराव्या शतकाच्या मध्याला ओंकारेश्वराचे देऊळ बांधले गेले. बाजीरावांच्या भगिनी भिऊबाई जोशी यांनी अमृतेश्वर बांधले. नदीला घाट झाले.

वाचकांना वाटेल, की नदीकाठचे गाव म्हणजे नदीचेच पाणी पीत असणार. तसे नव्हते. पुण्याची जमीन दक्षिणेकडे चढत जाते आणि नदी गावाच्या उत्तर अंगाला, सखल भागात आहे. नदीचे पाणी पेठांत चढवायचे तर माणसांच्या डोक्यावरून किंवा पखालीतून. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून दगडी नळ काढला. पाणी उतारानेच शहरात आले आणि काळा हौद, फडके हौद अशा हौदांतून पेठांना मिळू लागले. मधूनमधून नळाला हवा खेळायला दगडी उच्छ्वास ठेवलेले होते. प्यायला डोंगराचे पाणी आणि बाकी सगळ्याला नदी, अशी ती वाटणी होती. स्नान, धुणे, गुरांचे पाणी, पात्रातल्या मळईवरची भाजी आणि शेवटची राख, हे सारे नदीकडे.

या वाटणीची खूण घराच्या बांधणीतही असे. वाड्याचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ नदीकडे. पुढे दिंडीदरवाजा, देवडी, चौक, सोपा. जोते दगडी आणि उंच. वर सागवानी सांगाडा. मागे परसू, गोठा, आड आणि मग उतार. या परसात मोलाचे काही ठेवायचे नाही, हे न शिकवता कळे. आमच्या आजीच्या बोलण्यात 'नदी परसात आली' हे 'पाहुणे ओसरीवर आले' इतक्या सहजपणे येई. नदी परसापर्यंत येणार, दोन दिवस राहणार आणि गाळ ठेवून जाणार, हे धरूनच जागा आखलेली होती. माझ्यासमोरच्या मोडी कागदात जागा विकली होती ती 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपांसह'. ही जुन्या खतांतली ठराविक भाषा. मी नोकरीत शेकडो वेळा वाचली होती. त्यातला पहिला शब्द 'जल' आहे, हे मात्र त्या दिवशी प्रथमच डोळ्यांत भरले.

त्या काळच्या पुण्याने नदीवर पूल असा एकच जाणला, तो लाकडी पूल. पानिपतानंतर, १७६१ साली, नानासाहेबांनी तो बांधवल्याचे सांगतात. पानिपताहून परतणाऱ्या खचलेल्या फौजेला गावात येता यावे म्हणून. पुढे तो दगडी झाला, त्याचे नावही बदलून संभाजी पूल झाले. पण पुणेकर अजून त्याला लाकडी पूलच म्हणतात. जुनी नावे सोडायची नाहीत हा आमचा बाणा. या बाण्याने नदीचे नाव राखले असते तर फार बरे झाले असते.

आता दुसरा कागद. त्यात घर आणि नदी यांच्यामध्ये 'सरकारी पड' आली आहे. ती कशी आली, ते समजायला दहा-बारा मैल वर जायला हवे. १८७९ च्या सुमारास इंग्रजांनी मुठेवर खडकवासल्याचे दगडी धरण पुरे केले. त्याचे पाणी कालव्याने शेतीला आणि लष्कराला, आणि पुढे नळाने पेठांना मिळू लागले. ही सोय मोठी खरी. धरणाने पावसाळ्यातले पाणी अडवले, तसे उन्हाळ्यात गावापाशी पात्र आकसले. जिथे धार होती तिथे दगड आणि गवत दिसू लागले. मोजणीदाराने ते 'पड' म्हणून नोंदले. माझ्याच व्यवसायबंधूने ती नोंद केली असणार, तेव्हा त्याला मी दोष देत नाही. उन्हाळ्यात मोजले तर तसेच दिसणार! पण नदी उन्हाळ्यात मोजायची नसते.

घरात नळ आला तशी नदीची गरज सरली. ज्याची गरज सरते त्याच्याकडे सांडपाणी जाते, हा व्यवहार आहे. पेठांची गटारे नदीकडे वळली. १९२३ साली शनिवारवाड्याजवळ भक्कम दगडी पूल झाला. गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला दिले होते, आता तो शिवाजी पूल आहे. शंभरी उलटली तरी आम्ही त्याला 'नवा पूल' म्हणतो. पुलावरून जाणाऱ्याला नदी दिसते, पण ती ओलांडायची वस्तू म्हणून. पायरीवरून उतरून तिच्यापाशी जाणारी माणसे कमी होत गेली. माझ्या लहानपणी आई घाटावर जाई ती गौरी-गणपती बोळवायला आणि पर्वकाळी. एरवी 'नदीवर जाऊ नकोस' हेच ऐकू येई.

अशा त्या वाड्यात आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते, तळमजल्यावर, मागच्या अंगाला. वडील पेठेतल्याच एका छापखान्यात खिळे जुळवीत. उत्तरेच्या भिंतीला एक लहान खिडकी होती आणि तिच्यातून नदी दिसे. त्याबद्दल भाडे जास्त नव्हते, उलट ओल येते म्हणून आठ आणे कमी होते.

१२ जुलै १९६१, बुधवार. पुणेकरांना या तारखेचा अर्थ सांगावा लागत नाही. मुठेला वर मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे झाले नव्हते आणि त्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठत गेले. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचून बांध सावरीत होते. सकाळी तो फुटला. तो लोंढा खडकवासल्यावर आला. त्या जुन्या धरणाने काही तास झुंज दिली आणि दुपारी तेही गेले.

आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते. पाऊस लागला होता. गल्लीतली मुले 'नदी बघायला' धावत होती, तशीच ती धावत परत आली. वडील छापखान्यातून तसेच, शाईच्या हातांनी आले आणि म्हणाले, "चला." आईने चूल विझवली. दाराला कुलूप घातले, ओढून पाहिले आणि किल्ली कमरेला खोचली. आम्ही चढाच्या दिशेने, पर्वतीकडे मावशीच्या घरी चालत सुटलो. मागे वळून पाहिल्याचे मला आठवत नाही. आठवतो तो आवाज. पाण्याचा आवाज असा मला तो वाटलाच नाही. खूप लांबून खूप गाड्या एकदम याव्यात तसा होता.

चार दिवसांनी परतलो. गुडघाभर गाळ आणि कुजलेल्या धान्याचा वास. वाड्याचा पुढचा भाग उभा होता. आमचे दार जागेवर होते, कुलूपही जसेच्या तसे होते. आईने सवयीने किल्ली काढली, कुलूप उघडले आणि दारातून आत गेली. आत उत्तरेची भिंत नव्हती. चुलीच्या जागेवरून सरळ नदी दिसत होती, आणि ती अगदी शहाण्या मुलीसारखी आपल्या पात्रातून चालली होती.

वडील पुढे कित्येक आठवडे छापखान्यात खिळे धूत होते. केसींतला गाळ काढायचा, एकेक अक्षर ब्रशाने धुवायचे, पुसायचे, घरात टाकायचे. नळ बंद होते, कारण नळाचे पाणी जिथून येई ते धरणच नव्हते. ज्या आडांवर फळ्या पडल्या होत्या ते पुन्हा उपसले गेले. पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निस्सेन झोपड्या उभ्या राहिल्या, त्यांत आम्ही दिवस काढले. मग गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती वसत गेल्या. पेठेतले बिऱ्हाडकरू त्यांत पांगले. आमचे घर पुढे सहकारनगरात झाले. आई तिथे चाळीस वर्षे राहिली. पेठेत लग्नामुंजीला जाई, पण लाकडी पुलावरून जाताना डोळे मिटून घेई.

ज्या पाण्याने आम्हांला बाहेर काढले, त्याच पाण्याने नदीकाठच्या वाड्यांची किंमतही नेली. आधीच १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती. भाडेकरूला आसरा राहिला हे त्याचे पुण्य. पण पाच-दहा रुपये भाड्यात मालकाला कौलेसुद्धा चाळता येईनात. पुराने खचलेल्या भिंतींना टेकू लागले आणि टेकूंवर पिंपळ उगवले. ऐपतदार मंडळी डेक्कनला, कोथरूडला गेली. पुढे पात्राच्या कडेने रस्ता निघाला. त्यावरून धावणाऱ्या गाड्यांना नदी म्हणजे पावसाळ्यात चार दिवस रस्ता बंद करणारी एक अडचण, एवढीच ओळख राहिली. मग तिसऱ्या कागदात 'उत्तरेस रस्ता' लिहिणाऱ्याने चूक ती काय केली? त्याने पाहिले ते लिहिले.

आणि आता काळ पुन्हा फिरला आहे. पेठांना भाव आला आहे. पात्राच्या कडेने मेट्रोचे खांब उभे राहिले. २०२३ मध्ये गाडी डेक्कनवरून शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत आली, आणि २०२४ मध्ये जमिनीखालून कसबा पेठेतही पोचली. मुळा, मुठा आणि मुळामुठा यांचे मिळून ४४ किलोमीटरचे काठ सुशोभित करण्याच्या योजनेची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली. फिरायला वाटा, बसायला पायऱ्या, झाडे, दिवे असे तिचे चित्र आहे. झाडे तुटतील, पात्र आवळले जाईल म्हणून नागरिकांनी तिला हरकतीही घेतल्या आहेत. पण जाहिरातींना हरकती ठाऊक नसतात. तीनशे वर्षे नदीकडे पाठ करून बसलेली घरे आता तिच्याकडे तोंड करून विकली जात आहेत.

मला यात आनंदच आहे. गावाने नदीकडे पुन्हा पाहावे यापरते चांगले काय? फक्त क्रम कोणता, एवढेच मी मुलीला विचारले. लंडनच्या थेम्सकाठचा प्रशस्त रस्ता प्रवासवर्णनांतून आपण वाचलेला असतो. १८५८ च्या उन्हाळ्यात त्या नदीला अशी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटच्या सभासदांना बसवेना. मग जोसेफ बॅझलजेट नावाच्या अभियंत्याने शहरभर मैलापाण्याचे नळ टाकले. १८७० मध्ये खुला झालेला तो देखणा नदीकाठ त्यांतल्याच एका मोठ्या नळावर उभा आहे. आधी नळ, मग शोभा. आपल्याकडेही जपानच्या साहाय्याने अकरा शुद्धीकरण केंद्रांची योजना आखलेली आहे. ती आधी पुरी होवो, म्हणजे खिडकी उघडीही ठेवता येईल.

"आणि पुराचे काय?" मी विचारले.

"बाबा, धरण काय रोज फुटते?" मुलगी म्हणाली. "आणि बांधकामाला परवानगी आहे. कागद पाहिलेत ना तुम्ही?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. पुराच्या दोन रेषा सरकारी नकाशावर असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल अशाची लाल. निळीच्या आत बांधायचे नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी पाळून बांधायचे. आमची इमारत निळीच्या बाहेर आणि लालच्या आत होती. पण 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुष्कळ जण असा करतात, की एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षे स्वस्थ! खरा अर्थ असा, की दर वर्षी शंभरात एक इतका संभव, आणि तो पुढच्या वर्षीही तितकाच. धरण न फुटताही पाणी येते. त्याच वर्षी, २५ जुलै २०२४ रोजी, खडकवासल्यातून सुमारे पस्तीस हजार क्युसेक पाणी सोडले गेले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले होते. धरण जागच्या जागी शाबूत होते.

मुलगी गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग नको घ्यायला?"

आता पाळी माझ्यावर आली. मी तिला काय सांगावे? नदीकाठी घर घेऊ नये असे म्हणावे, तर पुणेच कोणी वसवू नये असे म्हणावे लागेल. माझ्या आजीने आयुष्य तिथे काढले. तिला नदीचा राग नव्हता. तिच्या परसात नदीसाठी जागा होती आणि तिच्या बोलण्यात नदीचे नाव होते. १९६१ मध्ये आम्ही गेलो ते माणसांच्या घाईने. पण तेव्हाही मागच्या अंगाला, परसात, जिथे जुन्या माणसांनी गोठा ठेवला असता, तिथे बिऱ्हाडाच्या खोल्या काढलेल्या होत्या. मी म्हणालो, "घे. पण वरचा मजला घे. आणि उत्तरेची बाजू मी सांगतो तशी लिहून घे."

खरेदीखताच्या वेळी वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "रस्ता तर आहेच. नदी कशाला लिहायची? नदी विकत घेताय की काय?"

"छे! शेजार कोण, ते लिहून ठेवतोय."

ते भले गृहस्थ होते. हसले आणि लिहिले, 'उत्तरेस रस्ता व त्यापलीकडे मुठा नदी'. कायद्याने त्याला काही किंमत असेल-नसेल. माझ्या नोकरीतली शेवटची दुरुस्ती म्हणून मी तिच्याकडे पाहतो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण संपली नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही राहायला आलो. शेजारच्या न पडलेल्या वाड्याच्या दगडी भिंतीवर एक आडवी रेघ छिन्नीने कोरलेली आहे आणि खाली तारीख आहे, १२-७-१९६१. एका रविवारी मी गवंड्याकडून पाणसळीची पारदर्शक नळी मागून आणली. एक टोक त्या रेघेशी नातीने धरले, दुसरे मी आमच्या इमारतीखालच्या, गाड्या लावण्याच्या जागेतल्या खांबाशी. नळीतले पाणी दोन्हीकडे सारखे उभे राहिले तिथे खडूने खूण केली. शिडी घ्यावी लागली, कारण माझा हात वर करूनही तिथे पोचत नव्हता. मग तांबड्या रंगाने रेघ ओढून खाली तारीख घातली.

आठवड्याच्या आत सभा भरली. एक तरुण गृहस्थ फार सभ्यपणे म्हणाले, "काका, तुमच्या भावना समजतात. पण उद्या कोणाला जागा विकायची झाली तर गिऱ्हाईक खालीच ही रेघ पाहणार. आम्ही वीस वर्षांचे कर्ज काढले आहे." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. त्यांचे खोटे नव्हते. माझ्याही पुंजीचा प्रश्न होता. रेघ पुसून टाकावी असे जवळजवळ ठरले.

तेव्हा मागच्या खुर्चीतून एक वृद्ध बाई उठल्या. मूळ वाड्यातल्या भाडेकरू. वाडा पडेपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही, म्हणून नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांना दोन खोल्या मिळाल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "खालच्या बिऱ्हाडातला धाकटा ना रे तू?" मला ओळख पटायला क्षण लागला. १९६१ मध्ये वाड्यात नव्या नवरी म्हणून आलेल्या त्या वहिनी! आम्ही मुले त्यांच्याकडून साखरफुटाणे खात असू.

मग त्या सभेकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "त्या दिवशी मी माडीवर होते, रेघेच्या वर, म्हणून आज इथे उभी आहे. सासूबाई देव आणायला म्हणून खाली उतरल्या. त्या रेघेच्या खाली राहिल्या."

आम्हां मुलांना हे तेव्हा कोणी सांगितलेच नव्हते. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या तरुण गृहस्थांनीच विचारले, "विजेचे मीटर कुठे आहेत आपले?" ते खांबाशेजारी, कमरेएवढ्या उंचीवर होते. सगळ्या इमारतीच्या मीटरांची पेटी रेघेच्या वर न्यायची आणि तळाशी कोणाला राहायला जागा द्यायची नाही, असे ठराव त्याच सभेत झाले. रखवालदाराची खोलीही वर न्यायचे ठरले. रेघेबद्दल ठराव कोणी मांडलाच नाही. ती आहे तिथेच आहे.

या दिवाळीत आकाशकंदील उत्तरेच्या खिडकीला लावला आहे. नदीला वास येतो, हे लपवून उपयोग नाही. पण पावसाळ्यात तिचे पाणी रस्त्यावर चढले तेव्हा माझी नात शाळेतून येऊन म्हणाली, "आजोबा, नदी परसात आली." हे वाक्य मी तिला शिकवले नव्हते, पणजीच्या गोष्टींतून तिने उचलले असावे.

आणि आमच्या सौभाग्यवती? फराळाला येणाऱ्यांना त्या दूरध्वनीवरून पत्ता सांगतात, तो मी पलीकडच्या खोलीतून ऐकतो. "हो, हो, ओंकारेश्वराजवळच. पण सध्या चौथ्या मजल्यावर!"